मुठीचं मडकं

भागूबाईचा कशावर विश्वास होता, हे पिंपळखुंटात कुणालाच सांगता आलं नसतं. ज्वारीचं पोतं दारात उतरलं की ती वरचे दाणे बघतच नसे. बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात आत खुपसायची, तळाची मूठ बाहेर काढायची, चार दाणे दाताखाली फोडायची आणि मग पोत्याकडे नव्हे, तर पोतं आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. देवळात प्रसाद घेतानाही ही बाई आधी वाटणाऱ्याची नखं बघते, असं गावातल्या बायका म्हणत. त्यात खोटं फार थोडं होतं.

याला कारण होतं आणि कारणाचं नाव कानिफनाथ. हा तिचा नवरा. दर हंगामाला साखर कारखान्यावर कामाला जायचा आणि परत येताना एक नवं खोटं घेऊन यायचा. एकदा पगार बुडाला, एकदा खिसा कापला गेला, एकदा मित्राची आई वारली. शेवटच्या हंगामाला खोटंही आलं नाही आणि तोही आला नाही. भागूबाई तेव्हा पंचविशीची असेल. मूलबाळ नव्हतं. दोन महिने तिने वाट बघितली, मग कुंकू आणि बांगड्या तशाच ठेवून लोकांच्या शेतात खुरपं धरलं. डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तेवढंच खरं, हा नियम तिने तेव्हापासून पाळला.

आप्पासाहेबांचा स्वभाव याच्या अगदी उलट. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला हा मास्तर वाटेत भेटेल त्याच्यावर विश्वास टाकायचा आणि महिन्यातून दोनदा फसायचा. एकसष्ट साली त्यांनी संगमनेर-अकोले रस्त्यालगत पिंपळखुंटला मुलींचं बोर्डिंग काढलं. अकोल्याच्या डोंगरातल्या आणि वरच्या पठारावरच्या वाड्यांत शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की पोरीच्या हातात खुरपं नाहीतर दुसऱ्याचं लेकरू, आणि तेराव्या वर्षी गळ्यात काळी पोत. अशा पोरी इथे राहून हायस्कुलात जात. पहिल्या वर्षी अकरा होत्या, बाहत्तर साली चौतीस झाल्या. आप्पासाहेबांनी स्वयंपाकघर आणि कोठी भागूबाईच्या ताब्यात दिली. आयुष्यात त्यांनी माणूस पारखून ठेवलं ते एवढंच.

चौतीस पोरी खाणार काय? सरकारी मदत तुटपुंजी, तीही वेळेवर आली तर सोन्याचा दिवस. म्हणून मूठ होती. आसपासच्या सात वाड्यांतल्या दोनशे घरांत चुलीशेजारी एक छोटं मडकं असे. सकाळी चूल पेटवायच्या आधी घरच्या बाईने कणगीतली एक मूठ ज्वारी नाहीतर बाजरी त्यात टाकायची. गुरुवारी भागूबाई पोतं घेऊन येई. मडकं रिकामं करायचं ते तिनेच, घरवालीने हात लावायचा नाही. त्याआधी ती तळापर्यंत हात घाली. कोंडा किंवा किडका दाणा लागला की त्या घराची धडगत नसे. बायका तिला भीत, मागे तिची नक्कल करत आणि मूठ मात्र चुकवत नसत. बाळंतिणीची सासू टाके, सासू आजारी असली तर शेजारीण टाके. एका मुठीने कोणी गरीब होत नाही आणि दोनशे मुठींनी बोर्डिंग चालतं, एवढा साधा हिशेब होता.

दुधाचंही तसंच होतं, पण ते मोडलं. अकरा घरं वार लावून पोरींना तांब्याभर दूध घालत. पासष्ट साली शहरातल्या कुठल्याशा कमिटीमार्फत परदेशी दुधाच्या पावडरीचे डबे आले. वर लिहिलं होतं, आता लोकांना त्रास देऊ नका. आप्पासाहेबांनी अकरा घरी जाऊन हात जोडले, आभार मानले आणि दूध थांबवलं. दोन वर्षांनी टाइप केलेलं सुरेख पत्र आलं, की योजना संपली. आप्पासाहेब पुन्हा त्या अकरा दारांत गेले. कोणी वाईट बोललं नाही. पण एकाचं दूध आता डेअरीला जात होतं, एकाचं चहाच्या हॉटेलात, आणि एकीने म्हैसच विकली होती. एक तांब्या परत आला नाही. तेव्हापासून पोरी कोरा चहा पीत, आणि भागूबाई चहा ओतताना दर वेळी त्या पत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

बाहत्तरचा पावसाळा कोरडा गेला. पठारावरची माणसं सरकारी कामांवर गेली, कोणी नालाबंडिंगला, कोणी खडी फोडायला. मजुरीबरोबर खायला सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी. मडक्यांतली मूठ बारीक होत गेली. कोठीतली पोती सहावर आली, मग तीनवर. पोरींना दोन्ही वेळा भाकरी देणं आता जमेना.

माघात एके सकाळी बोर्डिंगच्या दारात जीप उभी राहिली. मुंबईच्या एका ट्रस्टचे साहेब आले होते, नाव राधाकृष्ण. मूळचे राहात्याचे, चाळिशीचे, पायांत बूट आणि हातात चामडी बॅग. त्यांनी कोठी बघितली, पोरींची हाडं बघितली आणि आप्पासाहेबांना सांगितलं, की पुढची दोन वर्षं बोर्डिंगचं सगळं धान्य ट्रस्ट देईल. पोती संगमनेरहून येतील. अट एकच. ट्रस्टचं धान्य चालू असताना दुसरीकडून धान्य घ्यायचं नाही, म्हणजे कामात गोंधळ होत नाही. आणि दारावर ट्रस्टच्या नावाची पाटी.

आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भागूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "अन् तिसऱ्या साली?"

"तिसऱ्या साली पाऊस पडेल की, बाई," राधाकृष्ण म्हणाले. सगळे हसले. भागूबाई हसली नाही.

पुढचे आठ दिवस तिला झोप गोड लागली नाही. हा माणूस आवळा देऊन कोहळा काढणार, हे तिच्या मनाने घेतलं होतं, फक्त कोहळा कुठला ते सापडत नव्हतं. जमीन म्हणावी तर बोर्डिंगला जमीन दीड एकर, तीही खडकाळ. मतं म्हणावीत तर पोरींना मत नाही. शेवटी तिच्या लक्षात आलं, की साहेबाला खरोखर पाटीशिवाय काहीच नको आहे. तेव्हा तर तिला आणखीच धास्ती बसली. चोर असता तर त्याच्यावर डोळा ठेवता आला असता. हा चांगल्या मनाने बोर्डिंग बुडवायला निघाला होता.

"आप्पासाहेब, मूठ बंद करू नका," ती म्हणाली. "दुधाचं काय झालं ते इसरलात व्हय?"

"भागूबाई, मी सही केली आहे," आप्पासाहेब म्हणाले. "आणि कोठीत पोती असताना दुष्काळात लोकांच्या तोंडचा घास मागू? लाज वाटेल मला."

त्यांचं खरं होतं. तेच तर अवघड होतं. घास मागता येत नाही हे तिलाही कळत होतं. पण दोन वर्षं मडकी चुलीशेजारून उठली, की त्यांत कोणी मीठ भरेल, कोणी मिरच्या, आणि साहेबाची जीप परत गेल्यावर चौतीस पोरींनी डोंगराची वाट धरायची. काळी पोत त्यांची वाटच बघत होती. घास नाही मागायचा, पण सवय तर मागता येईल ना, असं तिने स्वतःशी ठरवलं आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवारी सकाळची भांडी झाली की ती पोतं काखोटीला मारून निघे. घरोघर जाऊन मडकं पुढे घ्यायची, तळापर्यंत हात घालायची, मग घरवालीच्याच टोपलीत उपडं करायची.

"न्यायचं न्हाई?" बायका विचारत.

"न्यायचं न्हाई. तुमीच भाकरी करून खा. पन उंद्या सकाळी परत मूठ टाका. गुरवारी मी बघाया येनार."

बायकांना ती चळली असं वाटलं. स्वतःचंच धान्य मडक्यात टाकायचं, आठवड्याने स्वतःच काढून खायचं, आणि हिने त्यासाठी सात वाड्या तुडवायच्या. पण भागूबाईशी वाद कोण घालणार? मूठ टाकणं त्यापेक्षा सोपं होतं.

तिसऱ्या गुरुवारी ती पठारावरच्या टेकवाडीला रतनबाईच्या घरी गेली. रतनबाईचा नवरा आणि ती दोघं खडी फोडायला जात, गुरुवारी तेवढी कामाला सुट्टी असे. घरात कणगी आडवी पडलेली होती. भागूबाईने मडक्यात हात घातला आणि तिच्या बोटांना टोचलं. बाहेर काढलं तर खडीचे सात तुकडे. तिचं डोकं सणकलं.

"रतने, दगडं दान करतीस व्हय? माझी चेष्टा करतीस?"

रतनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. आठवडाभर हातोडा मारून तिचे तळवे सोललेले होते. "चेष्टा न्हाई गं आक्का," ती म्हणाली. "मिलो चार दिसांत सरतो. मूठ टाकाया काय न्हाई. पन सकाळच्याला हात आपसूक मडक्याकडं जातो. मोकळा हात कसा घालू? म्हनून खडा टाकते. दानं आलं की दानं टाकीन."

भागूबाईला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची तिला सवय नव्हती. परत टोपलीत ओतावं असं तर यात काही नव्हतं. पण मडकं तिने रिकामं करायचं हा नेम होता. तिने ते सात खडे आपल्या पोत्यात घेतले आणि पुढच्या घरी गेली. तिथेही कणगी रिकामी होती. "रतनबाई खडा टाकते," भागूबाई म्हणाली, "तुलाबी खडी मिळती ना?"

चैत्र लागेपर्यंत टेकवाडीत आणि शेजारच्या दोन वाड्यांत चाळीसेक मडक्यांत रोज एकेक खडा पडू लागला. गुरुवारी भागूबाई तिन्हीसांजेला परत यायची ती पोत्यात खडी घेऊन. ती स्वयंपाकघरामागच्या बाभळीखाली ओतायची. ढीग वाढत गेला.

ढीग वाढला तसे डोळेही वाढले. ट्रस्टची पोती संगमनेरहून छगनच्या ट्रकने येत. छगन बोर्डिंगच्या कमिटीवर होता, बोलायला गोड आणि हाताने सढळ, निदान दुसऱ्याच्या वस्तूंच्या बाबतीत. भागूबाईने पहिल्याच खेपेला त्याची पोती हाताने तोलून बघितली होती, ती हलकी लागली, आणि काटा नव्हता म्हणून तिने नुसतं त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. तेव्हापासून छगनला ही बाई कोठीत नको होती.

वैशाखात राधाकृष्ण न कळवता आले. सोबत वजनकाटा होता. त्यांनी कोठीतली पोती तोलली तर एकही भरेना. कुठे चार किलो कमी, कुठे सहा. त्यांचा चेहरा उतरला. मुंबईहून मदत पाठवून त्यांचे हात याआधी दोन ठिकाणी पोळले होते. एका शाळेला दिलेले पत्रे सरपंचाच्या गोठ्यावर चढले होते. गोड बोलणाऱ्या माणसांचा त्यांना वीट आला होता.

त्यांनी ओसरीवर सगळ्यांना बसवलं. छगन म्हणाला, "साहेब, मी बोलनार नव्हतो. पन बाभळीखाली जाऊन बघा." तो स्वतःच उठला, भागूबाईचं पोतं घेऊन आला आणि सगळ्यांसमोर उपडं केलं. गेल्या गुरुवारचे काही खडे तळाशी राहिले होते, ते खडखडत ओसरीवर पडले. "दर गुरवारी ही बाई पोतं घिऊन पठारावर जाती. तिकडं ज्वारी इकती, इकडं खडी आनती. पोत्यात दगड भरून वजन बसवनार हुती, तुमी आदीच आलात. कुंपनानंच शेत खाल्लं, दुसरं काय?"

राधाकृष्णांनी भागूबाईकडे बघितलं. "बाई, तुम्ही गुरुवारी पठारावर जाता?"

"जाते."

"कशाला?"

खरं सांगितलं तर आप्पासाहेबांच्या सहीवर बोट आलं असतं, अट मोडली म्हणून साहेबांनी धान्यच बंद केलं असतं. शिवाय रतनबाईच्या मडक्यात दगड आहेत हे या चार पुरुषांना सांगायचं आणि त्यांना हसू द्यायचं? ते तिला नको होतं. तिने आप्पासाहेबांकडे बघितलं. रस्त्याने जाणाऱ्या भामट्यावर विश्वास टाकणारा तो माणूस खाली, खड्यांकडे बघत होता. त्यांनाही संशय आला होता. बारा वर्षांनी, आणि तोही तिचा. नवरा गेला तेव्हा ती रडली नव्हती, आता रडू येईल असं तिला वाटलं.

"हिला आजच काढा," छगन म्हणाला. "पोलिसात द्यायचं ते साहेब ठरवतील."

आपण गेलो तर कोठी छगनच्या हाती जाईल, हे ध्यानात येऊन भागूबाई उठली. "साहेब, आज वार कंचा?"

"मंगळवार."

"तर तुमच्या गाडीत मला बसवा. म्होरं बसवा, म्हंजी मी कुटं पळत न्हाई ते दिसंल. टेकवाडीला चला. कुटल्याबी घरात तुमीच जावा, मी गाडीतनं उतरनार न्हाई. चुलीशेजारी मडकं आसंल, त्यात हात घाला. शुक्कर, शनवार, आयतवार, सोमवार, मंगळवार. पाच खडं निघतील. चार निघालं तर मला पोलिसात द्या. सा निघालं तरी द्या."

जीप पठाराचा चढ चढायला लागली तेव्हा तिला आपण काय बोलून बसलो ते कळलं. आजवर तिने कोणावर भरवसा ठेवला नव्हता आणि आज आपलं नाव, बोर्डिंग, चौतीस पोरी, सगळं टेकवाडीतल्या बायकांच्या हातावर ठेवलं होतं. बघणारं कोणी नसताना माणूस नेम पाळतं का? तिच्या अनुभवात पाळत नव्हतं. खडीच्या कामावर अंधारातच निघावं लागतं. एखादीला एका सकाळी उशीर झाला असेल, लेकराला ताप आला असेल, आणि दगडच तर टाकायचा, उद्या दोन टाकू, असं वाटलं असेल. तिला स्वतःला असं वाटलं असतं का? वाटलं असतं. मागच्या सीटवर आप्पासाहेब आणि छगन बसले होते.

टेकवाडीत सामसूम होती. कामाची माणसं कामावर, दारं नुसती ओढून घेतलेली. राधाकृष्णांनी मुद्दाम तिसरं घर निवडलं. ओसरीवरच्या म्हाताऱ्याला विचारून आत गेले आणि मूठ मिटून बाहेर आले. जीपजवळ येऊन उघडली. पाच खडे.

मग ते तिथून निघाले. वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्या घरातूनही पाच.

"दोन घरं हिनं सांगून ठिवली आसतील," छगन मागून म्हणाला.

राधाकृष्ण पुन्हा निघाले आणि नेमके रतनबाईच्या घरात शिरले. या वेळी त्यांना वेळ लागला. बाहेर आले तेव्हा दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. उजवी उघडून ते म्हणाले, "बाई, इथे चारच आहेत."

भागूबाईने डोळे मिटले. रतने, ती मनात म्हणाली, तूच पहिला खडा टाकलास आणि तूच चुकलीस.

"आणि हे काय आहे?" साहेबांनी डावी मूठ उघडली. मूठभर लाल मिलो होता.

भागूबाईने बघितलं. बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तिने पुसलंही नाही. "काल रेशन वाटलं आसंल," ती म्हणाली. "दानं आलं की दानं टाकीन, आसं म्हनली हुती ती. आज खडा न्हाई टाकला. दानं टाकलं."

आप्पासाहेब जीपमधून उतरले आणि पाठ करून उभे राहिले. छगन बसल्या जागी लहान झाला.

राधाकृष्णांनी मिलो आत नेऊन मडक्यात परत ओतला. मग येऊन रतनबाईच्या ओट्यावर बसले. भागूबाईने त्यांना सगळं सांगितलं, दुधाच्या तांब्यापासून. ते ऐकत होते आणि हातातला एक खडा फिरवत होते.

"म्हणजे आमचं धान्य नको?"

"नको कसं? पोरी काय खडं खातील? औंदा तुमी आलात म्हनून जगल्या. पन साहेब, तुमी धान्य दिलं आन मूठ तोडली. दोन वर्सानी तुमी जानार. तवा मी कुनाच्या दारात जाऊ?"

"मग काय द्यायचं?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. म्हणून तिने आधी साहेबांकडे संशयाने बघितलं, की हा खरंच विचारतोय का. मग बोलली. "पाऊस पडला की धान्य येकदम तोडू नका. मूठ वाढंल तसं कमी करा. आन मुठीनं व्हत न्हाई ते द्या. कोठीच्या भिताडाला भोकं पडल्यात, उंदरं आमच्या आदी जेवत्यात. मला गुडघं झाल्यात. मी पडले तर सात वाड्या कोन फिरंल? दुसरी बाई दोन-तीन वर्सं माझ्यासंगं फिरवाया पायजे, कुटल्या घरात सासू खाष्ट, कुटं सून, समदं तिला कळाया पायजे. तिला पगार कोन दील? फिरनारं मानूस मुठीवर जगत न्हाई. ह्ये कुनीच देत न्हाई, साहेब. गुडघ्यावर पाटी लावता येत न्हाई ना."

राधाकृष्ण हसले नाहीत. "विश्वस्तांना पटवावं लागेल," ते म्हणाले. "त्यांना इमारत दाखवता येते. सवय कशी दाखवू?" असं म्हणून त्यांनी हातातला खडा खिशात टाकला. साहेब खडा कशाला नेतोय, ही शंका भागूबाईला घरी पोचेपर्यंत छळत होती.

त्या दिवसानंतर ट्रस्टची पोती ट्रकमधून उतरतानाच दारात तोलायची असं ठरलं. पुढच्या खेपेपासून प्रत्येक पोतं पुरतं भरलं. "पोत्यास्नी आक्कल आली," एवढंच भागूबाई म्हणाली. आप्पासाहेब स्वयंपाकघरात आले आणि बराच वेळ घुटमळून म्हणाले, "भागूबाई, मी क्षणभर तुमच्यावर..."

"बरं झालं," ती म्हणाली. "बारा वर्सांत येकदा तरी तुमाला संशेव आला. चुकीचा आला, पन आला. आता जरा छगनवर येऊ द्या."

ज्येष्ठात साहेब कागद घेऊन आले. दोन वर्षांऐवजी दहा वर्षं. धान्य दर साली कमी होत जाणार, कोठीची डागडुजी, आणि मूठ गोळा करणाऱ्या दोन बायकांचा पगार. दुसरीकडून धान्य न घेण्याची अट काढलेली. आप्पासाहेबांनी वाचून दाखवलं. खाली साहेबांची आणि विश्वस्तांची झोकदार सही होती. भागूबाईने कागद उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला.

"अंगठा कुटं हाय?"

"बाई, सही आहे ना."

"दुधाच्या कागदावरबी सही हुती. सही कुनीबी करतं. अंगठा येकाचाच आसतो."

मुंबईच्या ट्रस्टचे साहेब, बी. ए. झालेले, शाईच्या पॅडवर अंगठा टेकून चौतीस पोरींच्या देखत कागदावर उठवते झाले. भागूबाईने शेजारी आपला उठवला आणि दोन्ही अंगठे बराच वेळ न्याहाळले. तरीही तिचा पुरता विश्वास बसला नव्हताच. गुरुवारची फेरी तिने एकदाही चुकवली नाही.

त्या साली पाऊस चांगला झाला. दिवाळीच्या सुमाराला पठारावर बाजरीची खळी झाली. पहिल्या गुरुवारी भागूबाई गुडघे चोळत टेकवाडीला गेली. बरोबर शिकाऊ म्हणून बनुबाई नावाची तरणी बाई होती. भागूबाई तिला वाटेत बजावत होती, की वरचे दाणे बघून भुलायचं नाही, तळाला हात घालायचा, माणूस तळाला कळतं.

रतनबाईने मडकं पुढे ठेवलं. काठोकाठ बाजरी. आठवड्याच्या सात मुठींनी ते एवढं भरलं नसतं. ज्या ज्या दिवशी खडा टाकला, त्यातल्या काही दिवसांची मूठ तिने आता घातली होती, आणि ते ती बोलून दाखवत नव्हती. भागूबाईने सवयीप्रमाणे बांगड्या वर सारल्या. हात मडक्याच्या तोंडाशी नेला. बनुबाई शिकायला म्हणून वाकून बघत होती.

मग भागूबाईने बांगड्या खाली सोडल्या. मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि न बघता पोत्यात उपडं केलं.

"हात न्हाई घातला, आक्का?" रतनबाईने विचारलं. "तळाला येखांदा खडा राहिला आसंल."

"राहिला तर राहू दे," भागूबाई म्हणाली. "तुझाच आसंल."